तक्रार : गाडी वळणावर अडकते

शिरूरला आमचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या, बोअरच्या मोटारी जळाल्या की आतली जुनी तार काढून नवी भरायची, हा धंदा. मांडवगणपासून पाबळपर्यंतच्या मोटारी यायच्या. आप्पा, म्हणजे माझे वडील, तार भरायचे आणि अक्षर बरं म्हणून कार्डं मी लिहायची. प्रत्येक मोटारीला पुठ्ठ्याचं एक कार्ड तारेनं बांधलेलं असे. मालक, गाव, एचपी, तक्रार. तक्रारीच्या रकान्यात आप्पांचा कायदा चाले. गिऱ्हाईक बोलेल तेच लिहायचं, त्याच्याच शब्दांत. ‘सुरू होताना रेड्यावानी डुरकती’ असं कुणी सांगितलं, तर तसंच. एकदा मी शहाणपणा करून ‘बेअरिंग खराब’ लिहिलं, तर आप्पांनी कार्ड फाडून माझ्या हातात दिलं.

“तू डॉक्टर हायेस का? ज्याचं दुखणं त्याला बोलू दे.”

दुरुस्ती झाली की मोटार मालकासमोर चालवायची. तो ‘व्हय, गेलं दुखणं’ म्हणाला की आप्पा कानावरची पेन्सिल काढून तक्रारीवर काट मारायचे. त्याआधी मोटार दुकानाबाहेर जात नसे, मग मालक कितीही घाईला येवो.

आता माझ्या दुखण्याकडे येते. दौंडला मामा रेल्वेत होते आणि मामेभावाकडे कॉम्प्युटर होता. सुट्टीत आम्ही त्यावर गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचो. तो कॉम्प्युटर इतका मरतुकडा, की नदीकाठच्या वळणावर चित्र दोन क्षण थिजायचं आणि परत हलेपर्यंत माझी गाडी भिंतीत. मामेभावाला अडकण्याची जागा पाठ झाली होती. तो आधीच बटण दाबून सुटायचा आणि वर मला म्हणायचा, “पोरींचं काम न्हाई ते.” अस्सा राग यायचा! मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, मामींची बोलणी खाल्ली, पण जीव काही शांत झाला नाही. मला न अडकणारा कॉम्प्युटर हवा होता. माझा स्वतःचा.

कॉलेजात गेल्यावर मी कॉम्प्युटर विषय घेतला आणि घरी कॉम्प्युटर लागतो म्हणून सांगितलं. इथवर खरं होतं. मग मी म्हणाले, त्यात ग्राफिक्स कार्डही लागतं, त्याशिवाय कॉलेजचे प्रोग्रॅम चालत नाहीत. ही शुद्ध थाप. ते कार्ड गेमची चित्रं झरझर काढून देतं, आमच्या प्रोग्रॅमना त्याची दमडीची गरज नव्हती. आप्पा “बरं” म्हणाले आणि एक आकडा सांगितला. त्याच्यावर एक रुपया नाही.

मग दोन महिने मला दुसरं काही सुचेना. तयार कॉम्प्युटर महाग, म्हणून सुटे भाग घेऊन जोडायचा. प्रोसेसर एक पायरी खालचा घेतला तर रॅम दुप्पट येत होती. मदरबोर्डला ग्राफिक्स कार्डाची खाच हवी. स्वस्तातल्या बोर्डांना ती नसायची आणि वर्गातला एकजण त्यात सपशेल फसला होता. मी स्पीकर उडवले, हार्डडिस्क निम्मी केली. मॉनिटर मात्र सतरा इंचीच, वळणं मोठी दिसायला हवीत ना! वीजपुरवठ्याच्या डब्याचा मी विचारच केला नाही. कॅबिनेटसोबत येईल तो येईल.

शेवटची यादी हाताशी कागद नव्हता म्हणून दुकानातल्या कोऱ्या कार्डाच्या पाठीमागे लिहिली. आणि पुढची बाजू रिकामी कशाला ठेवायची, म्हणून गमतीत तीही भरली. मालक, गाव, आणि तक्रार. ते कार्ड नंतर कुठे गेलं कळेना. यादी पाठच होती, वहीत उतरवून घेतली.

पुण्याला तपकीर गल्लीत आम्ही दोघं गेलो. दुकानदार बोलायचा माझ्याशी आणि बघायचा आप्पांकडे. शेवटी आप्पा म्हणाले, “तिला इचारा. म्या वझं उचलाय आलोय.” मला तिथंच दोन बोटं उंच झाल्यासारखं वाटलं.

पण ते नुसतं वझं उचलणार थोडेच! कॅबिनेट दिसल्याबरोबर त्यांनी मागचा वीजपुरवठ्याचा डबा सोडवून मागितला, तळहातावर घेतला आणि दोनदा झेलला. “ह्यात तांबं कुठाय? निस्ता पत्रा हाय.” दुसरा मागवला, तिसरा मागवला. शेवटी विटेसारखा एक जड हातात आल्यावर तोंडावर समाधान. तो तिप्पट किमतीचा होता.

“आप्पा, तो एवढा लागत नाही हो.”

“आपल्याकडं लाइट कशी नाचती ठावं हाय न्हवं? हलक्यानं सगळं जळंल.”

हिशेब कोलमडला. दुकानदार लगेच पुढे झाला. “काका, कॉलेजसाठीच ना? मग ग्राफिक्स कार्ड काढून टाका. अभ्यासाला त्याची गरजच नाही. तुम्हाला कुणी सांगितलं लागतं म्हणून?”

माझी पाचावर धारण बसली. खोटं उघडं पडलं आणि वर गाडीही भिंतीत गेली. आप्पांच्या त्या विटेवर मला इतका राग आला होता, की रडू येईल म्हणून मी छताच्या पंख्याकडे बघत बसले.

आप्पांनी सावकाश खिशातून पुठ्ठ्याचं कार्ड काढलं. माझंच हरवलेलं, तारेसकट. हात लांब धरून त्यांनी दुकानदाराला वाचून दाखवलं, “तक्रार : गेममधली गाडी वळणावर अडकते आन् भाऊ चिडवतो.” मग कार्ड काउंटरवर ठेवलं. “ह्ये मिटलं पायजे. कशानं मिटंल?”

दुकानदार हसायला लागला. “ग्राफिक्स कार्डानंच मिटेल, काका.”

“मग त्ये ऱ्हाऊ द्या. मॉनिटर ल्हान द्या आन् कॅबिनेट बिनरंगाचं. तांब्यात काटकसर न्हाई करायची, रंगात करायची.”

एसटीत पंधरा इंची मॉनिटर मांडीवर घेऊन मी बसले होते. आप्पा शेंगा खात होते. मलाही मूठभर दिल्या.

दुसऱ्या दिवशी मी सगळं जोडलं. गेम टाकला. आप्पा दुकानातून हात पुसत आले, स्टूल ओढून शेजारी बसले आणि म्हणाले, “चालव.” मी गाडी सोडली. नदी आली, वळण आलं, आणि गाडी अशी सुर्रकन गेली की मी ओरडलेच.

“अडकली का?”

“नाही, आप्पा.” मी गाडी थांबवली. “आप्पा, ते ग्राफिक्स कार्ड कॉलेजला लागत नाही. मी खोटं बोलले.”

“ठावं हाय. पर तोंडानं बोललीस ती थाप. कार्डावर खरं लिवलंस.” त्यांनी खिशातून ते पुठ्ठ्याचं कार्ड काढलं, कानावरची पेन्सिल काढली आणि माझ्या तक्रारीवर काट मारली. “म्या कार्डावर काम करतो.”