झाकणाखालची पट्टी

तंबोऱ्याच्या तारा बदलून घ्यायला मिरजेला गेलो होतो. कारागिरासमोर एक जुनी इलेक्ट्रिक बेस गिटार आडवी ठेवली होती. लांब मान, चार जाड तारा आणि त्या जिथे अडकवतात तिथे चकचकीत धातूचं झाकण. शेजारी बसलेल्या सत्तरीच्या बाई तिच्या मालकीण. तरुणपणी ऑर्केस्ट्रात हीच वाजवायचे, असं त्यांनी आपणहून सांगितलं.

कारागिरानं झाकण काढलं. आत तारांना टेकलेली फोमची पट्टी होती. बोट लावताच तिचा भुगा झाला.

"ही कारखान्यातूनच बसवून येते, बाई. सूर लांबू नये, पटकन विझावा म्हणून. नवी घालू?"

बाई भुग्याकडे बघत राहिल्या. "हे झाकण मी कधी उघडलंच नव्हतं. सूर टिकत नाही तो माझ्याच बोटांत जोर नाही म्हणून, असं वाटायचं मला."

बेसचा सूर गाण्यात कुणी मुद्दाम ऐकत नाही, तो नसला की मात्र गाणं पोकळ वाटतं. अशी माणसंही असतात, आणि उणीव आपलीच आहे असं धरून ती जन्म काढतात.

"नको घालू," बाई म्हणाल्या.

त्यानं ॲम्प्लिफायरची वायर जोडली. बाईंनी सगळ्यात जाड तार छेडली. सूर लांबत गेला, लांबतच राहिला. नकळत त्यांचा तळवा तो थांबवायला पुढे आला, आणि तारेपाशी पोचून मागे फिरला.