जळत्या जहाजाचं चित्र

इद्दत संपली आणि मी ऑफिसला परत गेले. नवरा गेल्यावर घरात बसायचे ते महिने मी कसे काढले, आजही सांगता येत नाही. जुमेरा लेक टॉवर्समधलं आमचं ऑफिस एका डॅनिश शिपिंग कंपनीचं. मला बघून सगळे उभे राहिले. एकजण म्हणाली, "चाय लाऊँ?" मी हो म्हटलं.

मीटिंग रूममध्ये गेले तर समोरची भिंत रिकामी. तिथे एक भलंमोठं तैलचित्र असायचं. आमच्या म्हाताऱ्या डॅनिश साहेबांनी कोपनहेगनहून आणलेली कुठल्यातरी जुन्या चित्राची नक्कल. त्यात डॅनिश आरमाराचं एक लढाऊ जहाज किनाऱ्याजवळ पेटलेलं होतं. त्याच्याखाली उभं राहून मी कितीतरी प्रेझेंटेशन्स दिली होती, पण ते कधी धड बघितलं नव्हतं.

का काढलंय ते लगेच कळलं. माझा नवरा चीफ इंजिनियर, दुसऱ्या एका कंपनीच्या जहाजावर. खोर फक्कान बंदराच्या बाहेर समुद्रात त्यांच्या इंजिन रूमला आग लागली, आणि तो त्यात गेला.

साहेब आत आले. मी विचारलं, "चित्र कुठाय?"

"स्टोअरमध्ये. आम्हाला वाटलं, तुला त्रास होईल."

"परत लावा."

"नक्की?"

"भिंतीवर चौकोनी डाग दिसतोय," मी म्हटलं. खरंच तेवढंच कारण होतं.

दुपारी चित्र परत लागलं. साहेब आणि मी दोघंच उरलो होतो. मी विचारलं, ही लढाई कुठली.

"आम्ही हरलो ती," ते म्हणाले. "वारा उलटला. जहाज किनाऱ्यावरच्या तोफांसमोर अडकलं, बाहेर निघेना. दिवसभर लढून शेवटी शरण गेले. माणसं उतरवत असतानाच आग दारूगोळ्यापर्यंत पोचली."

"हरल्याचं चित्र कशाला लावायचं?"

"फक्त जिंकल्याची लावायची म्हटली, तर आमच्या भिंती मोकळ्याच राहतील." ते थोडं हसले. मग सांगू लागले, की त्यांच्याकडचे जुने चित्रकार जहाजांवर जाऊन राहायचे, शिडं-दोर शिकून घ्यायचे. एक दोर चुकला तरी दर्यावर्दी नावं ठेवत.

"आणि माणसं?"

त्यांनी चष्मा चढवला आणि बोटाने दाखवलं. होड्यांमध्ये काळे ठिपके होते. जहाजाच्या कठड्याशीही काही होते.

"हे सुटले. आणि वर एक तरुण अधिकारी जखमींना उतरवायला मागे राहिला. तो गेला."

"यातला कुठला तो?"

"ते चित्रात कळत नाही."

मी ते ठिपके बराच वेळ बघितले. रडू येईल असं साहेबांना वाटलं असावं, ते हळूच बाहेर गेले. मला रडू आलं नाही. हात गार पडले होते, पण एसी जास्तच होता.

शनिवारी मुलगी मला खोर फक्कानला घेऊन गेली. दफन तिथेच झालं होतं, दिराने माती दिली होती. इद्दतीत असल्यामुळे मी गेले नव्हते. कब्रस्तानाच्या दाराशी उभं राहून फातेहा पढले. मुलगी रडत होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, एखाद्या दुसऱ्याच बाईने फिरवावा तसा.

मग समुद्राकाठी गाडी थांबवून आम्ही आतच बसलो. दूर नांगरलेली जहाजं दिसत होती.

"मम्मी, से समथिंग. यू नेव्हर से एनिथिंग."

त्यांच्या जहाजाच्या कॅप्टनने फोनवर सांगितलेलं मी तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं. तोंडातून निघतच नव्हतं. त्या दिवशी निघालं.

"तुझे अब्बा वर आले होते," मी म्हटलं. "सुखरूप. एक खलाशी खाली राहिला म्हणून परत गेले."

मग तिने विचारलं, "डिड ही मेक इट? दॅट मॅन?"

"हो. त्याला वर ढकललं त्यांनी."

तिने डोळे पुसले. थोड्या वेळाने म्हणाली, भूक लागलीय. मलाही लागली असावी. रस्त्यापलीकडच्या हॉटेलात आम्ही तळलेली मासळी आणि भात मागवला आणि सगळा संपवला.