दैवताचा रकाना

मिळकतकराच्या कचेरीतले ते कारकून बोलताना मान वर करत नसत. चष्मा कपाळावर, नजर कागदावर आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘अहो’ने. शिक्का मारण्याआधी त्यावर हलकी फुंकर घालत.

बिबवेवाडीतल्या एका खोलीत आम्ही चौदा माणसं दर रविवारी सकाळी तासभर गप्प बसतो. मूर्ती नाही, ग्रंथ नाही, गुरू नाही. तीच आमची प्रार्थना. प्रार्थनास्थळाला करमाफी मिळते, म्हणून मी अर्ज केला होता. ती नाकारली असती तर खोली सोडावी लागली असती.

“अहो, दैवताचा रकाना कोराच आहे,” ते म्हणाले.

“कुठलंही एक नाव लिहू का?”

“अहो, खोटं कशाला लिहिता? मी येऊन बघतो.”

पुढच्या रविवारी, स्वतःची सुट्टी मोडून ते आले. मागच्या सतरंजीवर पाठ ताठ ठेवून पूर्ण तास बसले आणि एक शब्दही न बोलता निघून गेले. मला वाटलं, संपलं सगळं. पण अहवालात त्यांनी लिहिलं, ‘येथे नियमित प्रार्थना होते. मी स्वतः ऐकली.’

करमाफी मंजूर झाली. रविवारी मी ते पत्र वाचून दाखवलं, तेव्हा आमच्या अबोल मंडळींनी टाळ्यांचा कडकडाट केला. ते कारकून मागे कधी येऊन बसले होते, कुणालाच कळलं नव्हतं.

“अहो, हळू!” ते म्हणाले. “माफी गप्प बसण्याबद्दल मिळाली आहे.”