बुनलियेन मावशीचं मत

बुनलियेन मावशी आमच्या कारखान्यात डुकराच्या खांद्याचं हाड काढते. माझा जन्म टेक्सासचा. इथे आयोवात, मिलर्स बेंडला आले तेव्हा मांसाच्या सरकत्या पट्ट्यावर तिच्यासमोरची जागा मला मिळाली आणि सुरी कशी धरायची ते तिनं दाखवलं. पुढे मी युनियन उभी केली, दोनदा हाकलली गेले, दोनदा आत आले. शाळा माझी नववीत सुटली. कायदा मला कुणी शिकवला नाही, अंगावर आला तसा शिकले. म्हणून गावातली माणसं वकिलाआधी माझ्याकडे येतात. मावशी मात्र कधी काही विचारायला आली नाही. तिचं सगळं ठीक होतं.

ती लाओसची. युद्धानंतर मेकाँग ओलांडली, थायलंडच्या छावणीत बरीच वर्षं काढली, मग इथे. नवरा इथेच वारला, मुलगा ट्रॉय इथेच जन्मला. तिच्याकडे कायम राहायचं कार्ड होतं, नागरिकत्व नव्हतं.

लाओसमधली धाकटी बहीण आजारी पडली तेव्हा मावशीला वाटलं, पासपोर्ट काढावा आणि लुआंग प्रबांगला जाऊन यावं. पासपोर्ट हवा तर नागरिकत्व हवं. ट्रॉयनं अर्ज भरून टाकला. मुलाखतीची तारीख आली आणि मी माझ्या स्वयंपाकघरात तिची तयारी घ्यायला लागले. साहेब विचारतात ते प्रश्न मी विचारायचे, ती मिरच्या निवडत उत्तरं द्यायची.

"संसदेची सभागृहं किती?"

"दोन. आणि दोन्हीकडे नुसती बडबड."

"तेवढं सांगू नकोस तिथे. मतदानाचं वय?"

"अठरा. मी मात्र पन्नाशीत सुरू केलं."

मी कागदावरून वर बघितलं. "काय सुरू केलं?"

"मत द्यायला."

"कधी दिलंस?"

"दर वेळी. चर्चच्या हॉलमध्ये. विचार डार्लीनला."

झालं असं, ती गाडीचं लायसन्स बदलायला गेली होती. खिडकीतल्या बाईनं ते दिलं आणि मतदार म्हणून नाव घालू का, असं विचारलं. मावशी हो म्हणाली. मग टपालानं मतदाराचं कार्ड आलं, त्यावर नाव बरोबर होतं. सरकारनं स्वतःहून घरी पाठवलं म्हणजे सरकारनं मानलं, असा तिचा हिशोब. राहिला तो फक्त पासपोर्ट.

आमच्याकडे मतदानाच्या दिवशी लुथरन चर्चच्या हॉलमध्ये बायका घरी भाजलेले ॲपल-पाय आणि कॉफी आणतात. मावशी एगरोल न्यायची. दारातल्या टेबलावर डार्लीन बसायची, यादीत नावं बघायला.

"आली बघ आमची एगरोलवाली! आधी डबा इकडे, मग मत."

"आधी मत. नाहीतर डबा लाच होईल."

हॉल हसायचा. मग मावशी 'मी मत दिलं' असं लिहिलेला स्टिकर छातीला लावून तशीच कामाच्या पाळीवर यायची. मी तो कितीदा बघितला असेल. मला वाटायचं, मुलानं दिलेला असेल. दुसरं काही डोक्यातच आलं नाही.

नागरिक नसताना मत देणं हा गुन्हा आहे. त्यापायी देशाबाहेर काढतात.

मी वकिलाला फोन केला. तो म्हणाला, मुलाखतीला जाऊ नका, अर्ज मागे घ्या, गप्प बसा. मी म्हटलं, तिला माहीत नव्हतं. तो म्हणाला, कायदा ते विचारत नाही. मी त्याला काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ट्रॉय त्या संध्याकाळी आला. चांगला पोरगा आहे, वीजजोडणीची कामं करतो, तळ्यावर त्याची मासेमारीची बोट आहे. या देशाचा त्यानं कधी विचारच केलेला नव्हता. आपण पायाखालच्या फरशीचा विचार करतो का?

"आई, साहेबानं विचारलं तर नाही म्हण. एक शब्द. संपलं."

"शपथ घेऊन?"

"सगळेच घेतात शपथ. इथे सगळे थोडं थोडं खोटं बोलतात, म्हणून तर हा देश चालतो."

"मग मी डार्लीनच्या हॉलमध्ये चोरी करायला जात होते का रे?"

"असं कोण म्हणतंय?"

"नाही म्हटलं की चोरीच झाली."

मी मध्ये पडले. म्हटलं, "मावशी, तू छावणीतून आलेली. टेबलामागचा माणूस म्हणेल त्याला हो म्हणायची तुला सवय. हे साहेबाला सांगू. घाबरून हो म्हणाले, असं सांग."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी अजून सुरी उलटी धरतेय.

"घाबरून? छावणीत सगळे म्हणायचे, इथे सही कर, तिकडे उभी राहा. कारखान्यातही तेच. त्या खिडकीतल्या बाईनं विचारलं, तुम्हाला हवंय का? जन्मात पहिल्यांदा कुणी विचारलं. मी नीट विचार करून हो म्हटलं. मागे रांग होती, तरी वेळ घेतला."

अर्ज मागे घे म्हणून मी तिच्या किती हातापाया पडले! नाही म्हणजे नाही. तारखेला मीच तिला घेऊन डे मॉइनला, इमिग्रेशनच्या कचेरीत गेले. आत तिच्याबरोबर वकील गेला. त्यानं पुढचं सांगितलं.

साहेब तरुण होता, सभ्य होता. प्रश्नांची उत्तरं तिनं बरोबर दिली. मग त्यानं विचारलं, या देशाच्या निवडणुकीत कधी मत दिलंय?

"हो."

त्याला वाटलं, म्हातारीला समजलं नाही. त्यानं हळूहळू, शब्द सुटे करून पुन्हा विचारलं. नाही म्हणायला जागा करून दिली बिचाऱ्यानं.

"हो," मावशी म्हणाली. "दर वेळी. तुम्ही नाही देत?"

त्यानं पेन खाली ठेवलं.

परतीच्या वाटेवर मी ओरडत होते. साहेबावर, वकिलावर, तिच्यावर. तिनं चिकट भाताचा डबा उघडला. म्हणाली, "ओरडू नकोस, गाडी चालव."

अर्ज नाकारला गेला, वर इमिग्रेशनच्या कोर्टात खटला झाला. गावात कळलं. डार्लीन मांस-बटाट्याचं भांडं घेऊन मावशीच्या दारात उभी राहिली. आमच्याकडे मयताच्या घरी नेतात तसं. मी तिथेच होते. मी तिला विचारलं,

"तूच दिलीस ना मतपत्रिका तिच्या हातात?"

"यादीत नाव होतं, चेलो. मी नाव बघते. बाकी काय विचारायचं? ती तर आपलीच ना."

"आपली म्हणजे कुणाची?"

डार्लीनच्या घरावर तीन पिढ्यांचा झेंडा आहे, सूर्य मावळला की ती तो न चुकता उतरवते. ती रडायला लागली.

"बस, जेव," मावशी तिला म्हणाली.

न्यायाधीशानं देशाबाहेर काढायचा हुकूम दिला. मी बाहेर पायऱ्यांवर माणसं जमवली होती, फलक होते. भाषण करायचं ठरवलं होतं. मी फलक गाडीत टाकले आणि सगळ्यांना घरी जा म्हटलं.

ट्रॉय आता स्वतःचा पासपोर्ट ट्रकमध्ये ठेवतो. त्याचा जन्म इथल्याच इस्पितळातला. मी म्हटलं, "तुला कशाला रे?" म्हणाला, "राहू दे."

पण मावशी गेली नाही. इथून लाओसला कळवलं, तुमची बाई घेऊन जा. त्यांचं उत्तर आलं, अशी बाई आमच्या नोंदीत नाही. तेव्हा हुकूम तसाच आहे आणि ती इथेच आहे. कामाची परवानगी दरवर्षी नवी करावी लागते. बहीण वारली, ते तिला फोनवर कळलं. त्या दिवशीही कारखान्यात तिची पाळी होती. ती आली.

वर्षातून एकदा तिला त्या कचेरीत तोंड दाखवायला जावं लागतं. या वर्षी मी खिडकीपर्यंत सोबत गेले.

"पत्ता तोच?"

"तोच."

"काम?"

"तेच."

"कुठल्या देशाच्या नागरिक?"

मावशी म्हणाली, "तुम्हीच लिहा."

खिडकीतल्या माणसानं लाओस लिहिलं आणि कागद पुढे सरकवला. मी तोंड उघडलं. मावशीनं न बघता माझा दंड धरला. मी मिटलं. तिनं सही केली.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "पुलावरून नको, तिकडे काम चाललंय."

मी दुसऱ्या रस्त्यानं घेतली.