दोन फुटांचा समुद्र

शेवटच्या भेटीत मला शीनू भावोजींना एकच प्रश्न विचारायचा होता. बेळ्ळंदूरहून बसवनगुडीला पोचायला टॅक्सीत दोन तास लागले आणि ते दोन्ही तास मी तो प्रश्न मनात जुळवत बसले. पोचल्यावर त्यांनी स्वतः कॉफी केली, खुर्ची खिडकीजवळ ओढून दिली आणि म्हणाले, "काचेला टेकू नका हां वहिनी. पुट्टी माझ्या हातची आहे." आम्ही दोघंही हसलो. साठ वर्षांची जुनी थट्टा, आणि ती सुरू केलेली मीच. त्या दिवशीही मी हसले, कॉफी संपवली आणि न विचारताच परत आले. पुढच्या खेपेला विचारू, असं ठरवलं आणि डायरीत तारीखही लिहून ठेवली. त्या तारखेच्या चार दिवस आधी, सकाळी, फोन आला.

निखिल, रेवा, ते गेले त्याला आता पाच आठवडे झाले. एका जागी बसून हातातलं काम पुरं करायची माझी सवय तुमच्या आईला विचारा. हे लिहिताना ती सवय मोडली आहे. दोन ओळी झाल्या की वाटतं, गॅस चालू राहिला. उठून बघते, बंद असतो. परत बसते.

शीनूआजोबा म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, लग्न न केलेले, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले; एवढं तुम्हाला माहीत आहे. त्यांना समुद्रकाठी नोकरी करायची होती, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. ती नोकरी का मिळाली नाही, हे मलाही ठाऊक नव्हतं. म्हणजे ठाऊक आहे असं मी समजत होते.

मी बेळगावहून लग्न होऊन या घरात आले ते एकोणीसशे साठच्या आगेमागे. इथली मराठी ऐकून मला हसू यायचं. प्रत्येक वाक्यात 'थोडं'च्या जागी एक 'स्वल्प' आणि शेवटी 'बरं'च्या जागी 'सरी'. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, डब्यांवर चिठ्ठ्या लावणारी. भावोजींनी पहिल्याच आठवड्यात मला 'हेडमास्तरीणबाई' नाव ठेवलं. ते तेव्हा कॉलेजच्या प्रयोगशाळेत नवीनच लागले होते. एकदा विद्यार्थ्यांबरोबर रामेश्वरच्या बाजूला जाऊन आले आणि त्यांना एकच वेड लागलं. समुद्राच्या तळाशी जे दिसलं, ते घरात ठेवायचं.

आज निखिलच्या घरच्या माशांच्या पेटीसाठी सगळं दुकानातून येतं. तेव्हा बेंगळुरात काचेच्या पेटीत सोनेरी मासे ठेवणारेही थोडे. खाऱ्या पाण्याची पेटी कुणी पाहिली नव्हती. भावोजींनी चिकपेटमधून लोखंडी पट्ट्या आणल्या, दोन फूट लांब, एक फूट रुंद चौकट जोडून घेतली, तिला तीन हात रंग दिला. काचा बसवायची पुट्टी मात्र घरी करायची, विकतच्यावर भरवसा नाही, म्हणाले. एका दुपारी बघते तर माझ्या पोळपाटावर खडूची पूड आणि जवसाचं तेल मळणं चाललंय.

"भावोजी, तो पोळपाट आहे."

"म्हणून तर घेतला. कणकेपेक्षा हिला जास्त मळावं लागतं."

"मग आधी कणीक मळायला शिका. पुढे उपयोगी पडेल, मुलगी कोण देणार आहे तुम्हाला?"

"तुम्ही आहात ना पोळ्या करायला. सरी, आता सरका, उजेड अडतोय."

चार दिवस ते मळत होते. बोटाने कोपरे भरले, वर मेण वितळवून ओतलं, गोड्या पाण्याने पेटी भरून पंधरा दिवस खाली कागद अंथरून ठेवली. कागद कोरडा राहिला. तो त्यांनी मला आणून दाखवला, हेडमास्तरीणबाईंची सही हवी म्हणून. मी खरंच सही केली.

समुद्राचं पाणी मद्रासहून रेल्वेने यायचं, ॲसिडच्या मोठ्या काचेच्या बरण्यांतून, गवतात गुंडाळून. आठ बरण्या परसातल्या खोलीत अंधारात ओळीने ठेवलेल्या असत. पाण्यात हवा सोडायला लॉरीच्या चाकाची जुनी ट्यूब होती. सायकलच्या पंपाने ती सकाळ-संध्याकाळ फुगवायची आणि बारीक नळीने बुडबुडे सोडायचे. मग एके दिवशी ते स्वतः किनाऱ्यावर जाऊन जिवंत प्रवाळाचे दोन दगड, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे आणि एक समुद्रफूल घेऊन आले. फूल नावालाच, आहे तो प्राणी. संध्याकाळी पेटीवरचा दिवा लावला की ते आपली बोटं उघडायचं आणि दोन्ही मासे त्यांत शिरून बसायचे. तुमचे आजोबा ऑफिसातून आले की बूट न काढता आधी तिथे उभे राहायचे. सहा-सात महिने ते सगळं जगलं.

किनाऱ्यावरच्या एका संशोधन केंद्रात तेव्हा जागा निघायची होती. भावोजींनी तिथल्या अधिकाऱ्यांना लिहिलं, मी समुद्रापासून इतक्या लांब प्रवाळ जगवलं आहे. उत्तर आलं, जूनमध्ये बेंगळूरला येतोय, पेटी बघू आणि मग बोलू. ते पत्र त्यांनी खिशातच ठेवलं होतं, जेवतानासुद्धा. आणि नेमकं एप्रिलमध्ये कॉलेजने त्यांना सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी धारवाडला पाठवलं.

पेटी माझ्याकडे आली. त्यांनी कागदावर लिहून दिलं: हवा दोन वेळा, कोळंबीचा बारीक तुकडा एक दिवसाआड, दिवा इतके तास, पाणी खाली गेलं तर भरणे. जाताना म्हणाले, "तुमच्यावर सोडून जातोय म्हणून निश्चिंत जातोय."

मी काय केलं ते आता नीट सांगते. काचेवर पाण्याच्या रेषेला पांढरी चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर शाईने 'लेव्हल' लिहिलं. त्या वर्षी ऊन कडक होतं. रोज दोन-तीन ग्लास पाणी उडून जायचं आणि रोज सकाळी मी ते भरायची. नळाचं पाणी घालायचा विचारसुद्धा मनात आला नाही. समुद्रातल्या जिवांना नळाचं पाणी कसं चालेल? परसातल्या बरणीतलं समुद्राचं पाणी घ्यायची, धुतलेल्या मलमलीतून गाळायची आणि पट्टीपर्यंत बरोबर भरायची. एक दिवस चुकले नाही.

पाचव्या आठवड्यात समुद्रफूल उघडेना. मग प्रवाळाचे दगड पांढरे पडत गेले. भावोजी परत आले त्याच्या आदल्या दिवशी दुसरा मासा गेला.

त्यांनी पिशवी खाली ठेवली, पेटीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग परसातल्या खोलीत गेले आणि बरण्यांकडे बघून आले. खणातून काचेची एक बारीक नळी काढली, पाणी किती जड आहे ते मोजायची, आणि ती पाण्यात तरंगत सोडली. एकदाच वाकून बघितलं. नळी पुसून खिशात टाकली आणि कोपऱ्यावर बोट फिरवत म्हणाले, "पुट्टी सुटली, वहिनी. पाणी आत लोखंडाला लागलं असणार. गंज पाण्यात उतरला सगळा."

मला किती सुटल्यासारखं वाटलं...

ते अधिकारी ठरल्याप्रमाणे आले. मी कॉफी घेऊन बाहेर आले तेव्हा ते म्हणत होते, "ज्याला चार काचा धड बसवता येत नाहीत, त्याच्या हाती मी टाक्या कशा देऊ?" मला भावोजींची बाजू घ्यावीशी वाटली. मी इंग्रजीत म्हणाले, "देखभालीत काही कमी नव्हतं, मी स्वतः रोज..." तेवढ्यात भावोजी मध्येच बोलले, "वहिनी, कॉफीत साखर स्वल्प कमी आहे. आत बघता का?"

मी आत गेले. चमचाभर साखर घेऊन परत येईपर्यंत ते गृहस्थ उठले होते. भावोजी जन्मात कधी साखरेची कॉफी प्यायले नाहीत, हे मला त्या क्षणी आठवलं नाही. त्यांनी माझ्या हातून चमचा घेतला, कपात ढवळला आणि ती कॉफी संपवली.

नोकरी गेली. ते आयुष्यभर बसवनगुडीत राहिले, मुलांना क्षार आणि आम्ल शिकवत. आणि मी? खिडकीची काच खडखडली की मी म्हणायची, भावोजींना हात लावू देऊ नका. तुमच्या आईच्या लग्नात मांडवात सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "पुट्टीवाले आले, काचेची भांडी उचला." सगळे हसले. तेही हसले. साठ वर्षं.

मागच्या हिवाळ्यात निखिलने व्हिडिओवर टोरांटोची आपली पेटी दाखवली. छान दिसत होती. मी सहज विचारलं, पाणी कमी झालं की काय करतोस रे? तो म्हणाला, "आजी, तेव्हा साधं पाणी घालायचं. खारं घातलं तर मीठ वाढत जातं. पाणी उडतं, मीठ थोडंच उडतं?" मी फोन ठेवला. भावोजींनी पाण्यात सोडून बघितलेली ती काचेची नळी मला आठवली.

मिठागरं मी लहानपणी पाहिलेली. तरी हे सुचलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात बसवनगुडीला भावोजींची खोली आवरायला गेले. ती पेटी पलंगाखाली होती, आत जुनी मासिकं. शेजारच्या मुलांनी ती बाहेर काढली तेव्हा मी खाली बसले, या वयात, आणि चारही कोपरे एकेक करून बघितले. नख घालून पाहिलं. पुट्टी दगडासारखी झाली आहे, कुठे सुटलेली नाही. मेणही जागच्या जागी. आतल्या बाजूला गंजाचा एक ठिपका नाही. मला विचारायचं होतं की, तुम्हाला माहीत होतं का... आता विचारायची गरज उरली नाही. पण हे ऐकून ते काय म्हणाले असते, ते मला कधी कळणार नाही, आणि तेच मला बसू देत नाही.

पेटी मी बेळ्ळंदूरला आणली आहे. तुमच्या आईला वाटतं मी तिच्यात झाडं लावणार. अजून रिकामीच आहे. रोज सकाळी फडक्याने पुसते, फक्त समोरच्या काचेचा वरचा भाग सोडून. तिथे ती पट्टी आहे, पिवळी पडलेली, माझ्या अक्षरातली. एक टोक पूर्वी कधीतरी सुटलं असावं. ते कुणीतरी पुट्टीचा बारीक ठिपका लावून परत चिकटवलं आहे.