नाल्यापलीकडची दवंडी

पिंपळझोऱ्याच्या मुखरू कोतवालाचा आवाज असा, की त्यानं पाटलाच्या दारात दवंडी दिली तर गावाच्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, बसलेल्या म्हशी माना वर करायच्या. सिंदेवाहीकडचा हा धानाचा मुलूख. एकोणीसशे पन्नास सालानंतर इथं सरकारी योजना आल्या, ग्रामसेवक आले आणि मुखरूच्या डफड्याला काम वाढलं. खत असो, नवं बियाणं असो, खबर आधी त्याच्या तोंडून फिरायची. ऐकायला माणसं जमायची पाटलाच्या ओट्यावर. मुखरू स्वतः मात्र पायरीखाली उभा राहायचा. त्याचा बापही तिथंच उभा राहत असे, म्हणून त्याला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

एका आषाढात दोरी लावून, ओळीत धान रोवण्याची नवी रीत ग्रामसेवकानं तिथंच दाखवायचं ठरलं. दवंडी देऊन मुखरू घरी आला, तर त्याची बायको कुंता चुलीपुढं गाल फुगवून बसलेली.

"साऱ्या गावाले बोलावून राह्यले तुमी," ती म्हणाली. "रोवणी तं आमी बाया करतो. मंग आमाले काऊन नाई बोलावलं?"

मुखरू हसला. "पाटलाच्या ओट्यावर बाया बसतीन का, कुंते?"

"अन् पाटील चिखलात रोवाले येते का?"

मुखरूनं ताट ओढलं. तो जेवला, हात धुतले आणि डफडं पुन्हा गळ्यात अडकवलं. मासे धरणाऱ्या ढिवरांच्या आळीत जाऊन त्यानं हाळी दिली, "बायांनीबी या हो!" मग नाला ओलांडून गोंडांच्या वेगळ्या वस्तीत, टोलीत, गेला. आजवर तो तिकडं जायचा तो फक्त कामाला माणसं हाकारायला.

झिंगू गोंड दारातच बसला होता. "आज कोनाच्या वावरात बोलावते, भाऊ?"

"कामाले नाई. पाहाले अन् आयकाले या."

झिंगूला काही खरं वाटेना. त्यानं सोमारीला, म्हणजे आपल्या म्हाताऱ्या आईला, गोंडीत सगळं सांगितलं. ती तोंडाला पदर लावून खूप वेळ हसली. मग म्हणाली, "जाऊ ना मंग."

दुसऱ्या दिवशी पाटलाचा ओटा भरला आणि बाहेर बायांची आणि टोलीवाल्यांची त्याहून मोठी गर्दी झाली. पाटील कडाडले, "मुखऱ्या, या लोकायले कोनं बोलावलं?"

मुखरू पायरीखालून दवंडीच्याच आवाजात बोलला. "मालक, गावाले सांग म्हन्ले, मी सांगतलो. गाव कुठवर हाये, थे मले कोनी सांगतला नाई."

पाटील अजून काही बोलणार, तोच ग्रामसेवक देवतळे उठले. पोरसवदा माणूस, पण समजदार. "पाटीलसाहेब, या ओट्यावर दोरी लावून तरी काय रोवू? बांधीतच जाऊ."

मग सगळं गाव बोडीखालच्या बांधीत, धानाच्या चिखलवाफ्यात, उतरलं. दोरीचं एक टोक कुंतानं धरलं, दुसरं सोमारीनं. देवतळे सांगत ते सोमारी टोलीतल्या बायांना गोंडीत समजावी आणि मधेच आपल्या पदरचंही काही घाली, कारण बाया भलत्याच हसत. पाटील आधी छत्री घेऊन धुऱ्यावर, कोरड्या बांधावर, उभे राहिले, मग धोतर खोचून तेही खाली आले. मुखरू सगळ्यांत मिसळून उभा होता. बांधीत पायरी नव्हती. इतकी वर्षं तो ज्याची दवंडी देत आला, ते आज त्यानं पहिल्यांदा धड ऐकलं.

त्या साली कुंतानं कोतवालकीपोटी मिळालेल्या जमिनीच्या तुकड्यात ओळीनं धान रोवलं. निंदण सोपं गेलं, लोंब्याही भरल्या. टोलीच्या काही बांध्या रानडुकरांनी तुडवल्या, पण झिंगूचं धान राहिलं. पुढच्या हंगामाचं बियाणं देवतळे स्वतः नाला ओलांडून त्याच्या घरी देऊन आले.

पुढच्या आषाढात देवतळे थेट मुखरूच्या अंगणात येऊन बसले. गुळाचा चहा घेतला आणि विचारलं, "यंदा रोवणी दाखवायचं कोणत्या दिवशी ठेवू, मुखरूभाऊ?"

मुखरू विचार करत होता, तेवढ्यात आतून कुंताच बोलली, "बुधवारी नका ठेवू, साहेब. बुधवारी आमचा बजार असते."