जितेपणी वाढलेलं पान

माझी सासू तुळसा, वय चौऱ्याण्णव. मी तिची सून मथुरा, वय बहात्तर, आणि या घरात मी अजून नवी आहे. हसू नका. माझ्या नातवाला, अनिशला, मिसरूड फुटली, तरी आल्यागेल्याला आये, म्हणजे सासू, सांगते, "ही आमची नवी सून. हळूहळू शिकतली."

आयेचं माहेर मिठबाव. नावातच मीठ म्हणून मिरवते. धामापूरकडच्या या आडगावात लग्न होऊन आली तेव्हा पंधरा-सोळाची असेल. नवरा लवकर गेला. तिने एकटीने मुलगा आणि लेक वाढवली, नणंदांची लग्नं केली, डोंगरावर काजी (काजूची झाडं) लावल्या. बाईला कुणाचं भय म्हणून नाही. एकदा शेजारच्या बाबलीचा बैल उधळून आमच्या खळ्यात, अंगणात घुसला, आम्ही सगळे माडीवर पळालो. आये उठली आणि म्हणाली, "मेल्या, घराक जा." तो गेला, देवाशप्पथ!

पण माझ्या नशिबी बैलाचंही सुख नव्हतं; तो एका शब्दावर सुटला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या हातून आमटीत मीठ जास्त पडलं. आयेने मिठाची बरणी उचलली ती उचललीच. तेव्हापासून रांधायचं मी आणि मीठ घालायचं तिने. लेकीकडे फोंडाघाटला राहायला गेली तर मागे एकेका जेवणाची मिठाची पुडी बांधून ठेवायची. तिचं कमरेचं हाड मोडलं, मालवणला इस्पितळात पडली, तेव्हा तर कहर झाला. सकाळच्या एसटीने आमटीची किटली तिच्याकडे जायची, ती खाटेवर बसून मीठ घालायची, आणि दुपारच्या गाडीने आमटी घरी परत. कंडक्टर मला बघितलं की विचारायचा, "वयनी, आज अळणी काय खारी?"

लोकांना मजा वाटते. मला नाही वाटत. दोघींपैकी एक मरायच्या आधी तिने एकदा माझ्या हातचं, निव्वळ माझ्या हातचं, पोटभर जेवावं, एवढीच माझी इच्छा होती. दागिना मागत नव्हते मी.

तर गेल्या मार्गशीर्षात बाबलीची आई वारली. दहाव्याला पान ठेवलं आणि कावळा काही शिवेना. भर उन्हात सगळे ताटकळले. शेवटी बाबलीने हात जोडून मेलेल्या आईला ओरडून सांगितलं, "आये, तुझो फणस तोडूचंय नाय!" तेव्हा कुठे कावळा उतरला.

आये ते बघून घरी आली. संध्याकाळी म्हणाली, "मी मेल्यार माझा पान मथुराच रांदतली. कावळो शिवचो नाय. मी मधीच लोंबकळत रवतलंय." मग जरा विचार करून म्हणाली, "त्यापरीस आताच बघूया."

माझा नवरा महादू (नाव घेते आता, वय झालं) कपाळावर हात मारून म्हणाला, "आये, तू जिती आसस!"

"म्हणानच बघूक गावतला. मेल्यार माका कोण सांगतला?"

भटजी धावत आले, असं शास्त्रात नाही म्हणाले. आये म्हणाली, "तुका खंय बोलवतंय? मी कावळ्याक बोलवतंय."

ठरल्या दिवशी पहाटे तिने मिठाची बरणी माझ्या हातात दिली आणि खळ्यात खुर्ची टाकून बसली. स्वयंपाकघरात फिरकली नाही. बरणी चुलीपाशी ठेवून मी कामाला लागले. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, भोपळ्याची भाजी, भात, खीर. कावळ्याच्या पानाची चव आधी घेत नाहीत, म्हणून वास घेऊन घेऊनच रांधलं. पान अंगणाच्या दगडी गडग्यावर ठेवलं आणि आम्ही सगळे ओळीने उभे राहिलो.

एक कावळा माडावर येऊन बसला. त्याने पानाकडे बघितलं, आयेकडे बघितलं, आणि सरळ बाबलीच्या खळ्यात सुकत घातलेला बांगडा उचलून गेला.

"काय तरी बोला," आये म्हणाली. "नुसते उभे रवलास तर तो येतलो कसो?"

महादूने हात जोडले. "आये, डोंगरावरली काजी विकूचंय नाय."

"ता माका म्हायत आसा. दुसरा काय तरी सांग."

अनिश घाबरून म्हणाला, "पणजी, मी सिगरेट सोडतंय."

"म्हणजे ओढी होतंस?" महादूने तिथेच त्याच्या थोबाडीत दिली. कावळा काही आला नाही. ऊन डोक्यावर आलं.

"मथुरा, तू बोल," आये म्हणाली.

मग मात्र माझं टाळकं सटकलं. "मी काय बोलू? उभो जन्म ह्या चुलीकडे गेलो, एक दिस बरा म्हणाक नाय तुमी. आणि आता कावळ्याक इचारतास! तो नाय शिवलो तर नाय शिवलो! माका तुमच्या पानाचा काय करूचा आसा? तुमी गेल्यार मी भांडू कोणाबरोबर? तुमी मरूचा नाय, आयकलात?" बोलता बोलता मला रडूच फुटलं. बहात्तराव्या वर्षी खळ्यात उभी राहून भोकाड पसरलं मी.

आये काठी टेकत उठली, गडग्यापाशी गेली, पान खाली घेतलं आणि पायरीवर बसून जेवायलाच लागली. महादू किंचाळला, "आये, ता कावळ्याचा!"

"कावळ्याक काय कळता?"

आमटी संपवली, भाजी संपवली. वर म्हणाली, "वायच भात वाढ गो." दुसऱ्यांदा भात घेऊन पान पुसून खाल्लं, हात धुतले आणि आत जाऊन आडवी झाली.

मग आम्ही जेवायला बसलो. पहिल्याच घासाला महादूने माझ्याकडे बघितलं. अनिशने खाली मान घातली. आमटीत मिठाचा कण नव्हता, भाजीतही नव्हता. जन्मभराची सवय! बरणी चुलीपाशी तशीच होती, मी झाकणसुद्धा उघडलं नव्हतं.

मी तशीच खरकट्या हाताने उठून आत गेले. आये भिंतीकडे तोंड करून निजली होती.

"आये," मी म्हटलं, "मीठ घालूचा रवला."

"म्हायत आसा," ती म्हणाली. "आता तूच घाल."